दादांची पाठ, वहिनींची पाठ

आमच्या मालिकेत कोणाला नाव नाही. म्हणजे पगाराच्या कागदावर असेल, पण सेटवर ते कोणी घेत नाही. जी मालिकेत वहिनी आहे तिला चहावाल्यापासून निर्मात्यापर्यंत सगळे वहिनीच म्हणतात आणि जो तिचा नवरा झालाय तो सगळ्या जगाचा दादा. खाष्ट आत्याचं काम करणारी बाई प्रत्यक्षात गरीब गाय आहे, पण आत्या-आत्या म्हणून आता आम्हीच तिला वचकून असतो. ज्यांना पडद्यावर तोंड नाही त्यांना टोपणनावं. मी लोकांची तोंडं रंगवतो म्हणून रंगारी. संकलन करतो तो कात्री. कपडेपट सांभाळणाऱ्या बाईच्या ओठांत सदानकदा टाचण्या धरलेल्या, म्हणून ती टाचणी. आणि तिचा नवरा, लाइटवाला, उंचीला आणि बोलण्याला खांबासारखा, म्हणून तो खांब. ही गोष्ट या दोघांची आहे. दादा-वहिनींचीही आहे, पण त्यांची सगळेच सांगतात.

स्टुडिओच्या मागे बैठ्या खोल्यांची एक ओळ आहे. युनिटमधली निम्मी माणसं तिथेच राहतात, त्यामुळे कामावर भांडलेली माणसं संध्याकाळी एकाच नळावर भेटतात. माझ्या आणि टाचणीच्या घरात एकच भिंत. पूर्वी त्या भिंतीतून त्यांची भांडणं ऐकू यायची, झकास भांडणं, भांडी आपटून केलेली, आणि मग थोड्या वेळाने हसणं. मी एकटा माणूस, मला तेवढीच करमणूक. लोक म्हणतात आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून. माझं झाकण्यासारखं काही उरलेलंच नाही, मग मी वाकायचो.

पुढे खांब वरच्या फळीवरून पडला. दिवा बांधताना फळी सरकली. बाकी सगळं जुळून आलं, पण उजव्या हाताची बोटं काही मिटेनात. मॅनेजर फळं घेऊन आला होता, ‘बरा झालास की ये’ म्हणाला. खांब बरा झाला आणि मग कोणी ये म्हणालं नाही. बोटं न मिटणाऱ्या माणसाच्या हातात तापलेला दिवा कोण देणार? तो दिवसभर घरात खुर्चीवर बसायचा. दाढी वाढली. भिंत मुकी झाली. पलीकडून एकट्या टाचणीचा आवाज यायचा. ‘अहो, जेवलात का?’ ‘अहो, निदान खिडकी तरी उघडायची.’ उत्तर यायचं नाही. मी माझ्या बाजूला भिंतीला टेकून चहा पीत बसायचो आणि मला त्या माणसाचा भयंकर राग यायचा. हात गेला तर गेला, जीभ तर शाबूत होती ना!

त्याच सुमाराला दादा आणि वहिनींचं बिनसलं.

ते दोघं पडद्यावर आधी नवराबायको झाले आणि मग खरोखरचे. त्यांच्या लग्नाला आख्खं युनिट गेलं होतं, वहिनींचा चेहरा मीच रंगवला होता, आणि त्या दिवशी पैसे घेतले नव्हते. भांड्याला भांडं लागतंच, तसं त्यांचंही लागायचं. पण या खेपेला वहिनींना दुसरीकडे मोठी भूमिका चालून आली होती, आणि दादांनी त्यांना न विचारता परस्पर मॅनेजरला सांगून टाकलं, ‘ती कुठे जात नाही, आमच्या घरात ठरलंय.’ वहिनींना हे मॅनेजरकडून कळलं. स्वतःच्या घरात काय ठरलंय ते मॅनेजरने सांगायचं! त्या माहेरी निघून गेल्या. फोन बंद, जे काय बोलायचं ते वकिलामार्फत. कराराने बांधलेल्या म्हणून शूटिंगला येत राहिल्या, पण अट घातली की तो असेल त्या खोलीत मी पाऊल टाकणार नाही.

आता आली का पंचाईत! मालिका कसली, तर या दोघांच्या प्रेमाची. रोज संध्याकाळी लोक जेवणाआधी ते प्रेम बघायला बसतात. मास्तरांनी, म्हणजे आमच्या दिग्दर्शकांनी, डोक्याला हात लावला आणि मग या धंद्यात अशा वेळी करतात तेच केलं. दादा सकाळी येणार, वहिनी दुपारी. दादा बोलत असताना कॅमेऱ्याच्या कडेला वहिनींची पाठ, वहिनी बोलत असताना दादांची पाठ. खांदा, मानेचा एवढासा तुकडा, केस. आमच्यात त्याला पाठ देणं म्हणतात. चेहरे नंतर कात्री एकमेकांसमोर बसवतो.

वहिनींची पाठ टाचणीने द्यायची हे लगेच ठरलं. बांधा तोच, आणि कपडे तिच्याच ताब्यात. निळी शाल घेऊन अंबाडा घातला की आत्यासुद्धा फसायची. प्रश्न दादांच्या पाठीचा होता. त्यासाठी उभा राहणारा माणूस दादांसारखाच चांगला रुंद लागतो.

‘आमचे हे आहेत की,’ टाचणी तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाली. ‘त्यांच्या हातांना कोण विचारतंय? पाठ तर धड आहे.’

मास्तरांनी मॅनेजरकडे पाहिलं, मॅनेजरने छताकडे, आणि खांब कामावर रुजू झाला. टाचणीने दादांचे कोट त्याच्यासाठी खांद्यात थोडे सैल केले. पहिल्या दिवशी मी त्याची दाढी केली. पाठीला रंग लागत नाही, माझं खरं तर काही काम नव्हतं, पण म्हटलं, माणूस माणसासारखा दिसू दे.

तुम्ही म्हणाल, पाठ दाखवायची यात कसलं आलंय काम. आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं. पण पाठीला ऐकावं लागतं. समोरचा माणूस रडतोय आणि पाठ लाकडासारखी राहिली तर शॉट वाया जातो. खांबाला ते यायचं. वहिनी रागावून बोलल्या की त्याचा खांदा किंचित उतरायचा. मास्तर एकदा म्हणाले की दादांपेक्षा दादांची पाठ बरी काम करते. ते ऐकून खांब लाजला, आणि आपल्या युनिटमध्ये कोणाला लाजताना मी कित्येक वर्षांनी पाहिलं.

भिंत पुन्हा बोलू लागली. आधी एकेक शब्द, मग वाक्यं, मग एकदा चक्क भांडण, मीठ जास्त पडल्यावरून. मी माझ्या खोलीत उभा राहून हसलो. टाचणी नळावर पाणी भरताना मला म्हणाली, ‘काका, कोणाच्या घरात भांडण लागल्याचा आनंद मानू नये, पण मी मानते. त्यांचं जुळू नये असं रोज मनात येतं. देव मला काय म्हणेल?’

‘देव मालिका बघत नाही,’ मी म्हटलं.

विनोद केला आणि बादली उचलली. पण ती विनोद करत नव्हती. दादा-वहिनी समोरासमोर उभे राहिले की त्या दिवसापासून पाठींची गरज संपणार होती. तिला पुन्हा कपडेपटात जाता आलं असतं, इस्त्री कुठे जात नाही. त्याला मात्र खुर्चीकडे जावं लागलं असतं. ती खुर्ची तिने अजून घरातून हलवली नव्हती, वर कपड्यांचा ढीग रचून ठेवला होता, म्हणजे बसायला जागाच राहू नये.

एके दिवशी संध्याकाळी खांब शीळ घालत घरी आला. जेवताना त्याचा आवाज भिंतीतून स्पष्ट आला, ‘समजा, हे काम गेलं, तर तू मला घरात ठेवशील ना?’

‘गप्प बसा! नाव काढू नका तसलं!’ टाचणी ओरडली. ताट जोरात खाली ठेवल्याचा आवाज आला.

‘अगं, गंमत केली.’

‘असली गंमत मला नको. तुम्ही पुन्हा तसे बसलात ना, तर मी नाही जगणार.’

मला वाटलं, बिचाऱ्याची गंमत फुकट गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांचा शॉट होता. प्रसंग माफीचा. मालिकेत दर महिन्याला कोणीतरी कोणाची तरी माफी मागतंच. टाचणी निळी शाल घेऊन पाठमोरी उभी, दादा समोर. दादा बोलले, छान बोलले, मास्तर कट म्हणाले. साउंडवाल्याने माइक बंद केला. आमच्या कॅमेरामनला मात्र कटनंतरही कॅमेरा थोडा वेळ चालू ठेवायची सवय आहे, कधी काय हाती लागेल सांगता येत नाही म्हणतो. दादा तिथून हलले नाहीत. तिच्याकडे बघत आणखी काहीतरी बोलले, हळू आवाजात, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी पावडर घेऊन धावलो तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

‘काय म्हणत होते गं?’ मी टाचणीला नंतर विचारलं.

‘काही नाही. पाणी मागितलं.’

पाणी कोणी आणलं नाही. दादा काय म्हणाले ते मला पुढे कळलं, पण इथेच सांगून टाकतो. उगाच ताणत बसणं हे मालिकेचं काम. दादा म्हणाले होते, ‘तिला सांग, मी चुकलो. विचारायला हवं होतं, नाही विचारलं. सुट्टीच्या दिवशी मी स्टुडिओमागच्या बाकावर वाट बघीन. ती आली तर मी सगळं तिच्या मनासारखं करीन.’ तो बाक त्यांचा होता. लग्नाआधी दोघं तिथे डबा खायला बसायचे आणि आम्ही मुद्दाम तिकडून जायचो.

टाचणी ‘सांगते’ म्हणाली. दुपारी वहिनी आल्या. टाचणीने त्यांच्या पोलक्याची बाही शिवली, शालीला टाचण्या लावल्या, अंबाड्यात फूल खोचलं. तोंडात टाचण्या असल्या की बोलायला नको. निरोप तिने सांगितला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, सुट्टी उजाडली तरी नाही. तिला कोणी वाईट म्हणेल, तर त्याने आधी वर्षभर त्या भिंतीच्या पलीकडे राहून दाखवावं.

सुट्टीनंतर दारावरचा वॉचमन चहा पिताना सांगत होता की दादा आदल्या दिवशी एकटेच बाकावर बसले होते, अंधार पडेपर्यंत. शेवटी याने जाऊन विचारलं, ‘साहेब, कोणी यायचंय का?’ तर म्हणाले, ‘नाही, कोणी यायचं नाही.’ कोणी म्हणालं दादांनी प्यायला सुरुवात केली, कोणी म्हणालं नव्या भूमिकेची तयारी करत असतील. टाचणी शेजारीच उभी होती. तिने अर्धा चहा सांडून टाकला आणि कपडेपटात निघून गेली.

त्या आठवड्यात वहिनींनी वकिलाकडे घटस्फोटाच्या कागदांवर सही केली. मग दादांनीही केली. एवढ्यावर थांबले असते तरी काहीतरी उरलं असतं. पण दादांनी एका वाहिनीला मुलाखत दिली. त्यांचं एक मूल जन्माआधीच गेलं होतं. हे बाहेर कोणाला माहीत नव्हतं, फक्त आम्हाला होतं, आणि आमच्यातल्या सगळ्यांत भोचक माणसानेही ते कधी तोंडाबाहेर काढलं नव्हतं. दादा कॅमेऱ्यासमोर म्हणाले की तिला कामाची हाव नसती तर आमचं मूल आज शाळेत गेलं असतं. तोंडातून गेलेला शब्द आणि धनुष्यातून सुटलेला बाण. मेकअपच्या खुर्चीत वहिनी माझ्यासमोर बसल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्याला हात लावायची मला भीती वाटली. त्या म्हणाल्या, ‘काका, आज जरा जाड लावा.’

आता कात्रीचं ऐका. माफीचा तो भाग त्याच्या टेबलावर आला तेव्हा प्रसंग थोडा अपुरा पडत होता. त्याने पुढची फीत पाहिली, तर कटनंतर दादा खरेखुरे रडतायत. आवाज नाही, पण काय चेहरा! या माणसाने आयुष्यात असं रडणं कापलं नव्हतं. टाकून द्यायचं जिवावर आलं. त्याने तो तुकडा जोडला आणि वर व्हायोलिन सोडलं. कोणी विचारलं असतं तर कात्री म्हणाला असता, ओठ हलतायत तर हलू देत, लोक रडण्याकडे बघतात. लोकांनी तेच केलं. आख्ख्या जगात दोनच माणसं अशी होती ज्यांनी ओठांकडे पाहिलं.

तो भाग लागला त्या संध्याकाळी माझाही टीव्ही चालू होता आणि भिंतीपलीकडेही. व्हायोलिन दोन्हीकडून येत होतं. मध्येच खांबाचा आवाज आला, ‘संवाद तर संपला. दादा हे काय बोलतायत तुला?’

‘मला नाही आठवत.’

‘तू तिथेच तर उभी आहेस. तुझाच खांदा आहे तो. बघ, हललास तू.’ गडबडीत तो तिला पुरुषासारखा बोलला, मग स्वतःला सावरून म्हणाला, ‘हललीस तू. काय म्हणाले?’

पलीकडचा टीव्ही बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दादांच्या वेळेला, वहिनी आल्या. दादा अजून पोचायचे होते. मेकअपची खोली आणि कपडेपट यांच्यामध्ये फक्त एक पडदा आहे आणि तो कधीच नीट सरकत नाही. टाचणी इस्त्री करत होती. खांब दुपारच्या शॉटचा कोट चढवून तिच्याजवळ उभा होता, तुटलेलं बटण शिवून घ्यायला. एका हाताने त्याला ते जमत नसे.

वहिनींनी दार लोटून घेतलं. ‘टाचणी, तो तुला बाकाचं काय म्हणाला होता?’

टाचणीने इस्त्री उभी केली.

‘नऊ वर्षं मी त्या तोंडासमोर उभी राहिलेय,’ वहिनी म्हणाल्या. ‘आवाज नसला तरी मला कळतं. बाक म्हणाला, वाट बघीन म्हणाला. तू मला का नाही सांगितलंस?’

टाचणी खोटं बोलली नाही. तिने सगळं सांगितलं, निरोप, तारीख, खुर्ची, वर्षभराची ती शांतता, सगळं एका दमात, आणि शेवटी म्हणाली, ‘वहिनी, तुमचं जुळलं असतं तर यांची पाठ कोणाला लागली असती? मी स्वार्थी झाले. मला मारा.’

वहिनींनी तिला मारलं नाही, शिवी दिली नाही. त्या खांबाकडे वळल्या. ‘मग तूही सांगितलं नव्हतंस वाटतं त्याला.’

‘सांगितलं होतं,’ खांब म्हणाला. ‘त्याच दिवशी. संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं.’

मला पडद्याआड काही उमगेना. टाचणीलाही नाही. ती एकदा त्यांच्याकडे, एकदा नवऱ्याकडे बघत होती.

वहिनीच म्हणाल्या, ‘मी याच्याकडे निरोप धाडला होता. एकदा टेक संपला आणि मला त्याची पाठ समोर दिसली, याची, आणि मला राहवलं नाही. म्हटलं, त्याला सांग, अजून उशीर झालेला नाही, पण आधी त्याने चुकलो म्हणावं. हा म्हणाला, सांगतो. मग मी वाट बघितली. उत्तर आलं नाही. मला वाटलं, त्याला नकोच आहे.’ त्या थांबल्या. ‘म्हणजे तो बाक माझ्या निरोपाचं उत्तर होतं.’

इस्त्रीला टेकलेली फडकी करपायला लागली होती, ती मी जाऊन बाजूला केली.

‘आता सांगा दादांना,’ टाचणी हुंदके देत म्हणाली. ‘मी सांगते, मी त्यांच्या पाया पडते. अजून काही गेलं नाही.’

‘गेलंय,’ वहिनी म्हणाल्या. ‘तो बाकावर बसला होता हे मला त्या दिवशी कळलं असतं, तर पोराचं तो बोललाच नसता. आता बोललाय. आता मी जाऊन काय करू, सांग.’

त्या गेल्या. दार उघडंच राहिलं. खांबाच्या कोटाला बटण लावायचं राहिलं होतं, टाचणीने सवयीने सुईदोरा उचलला आणि तसाच खाली ठेवला.

‘तुम्ही मला का नाही सांगितलंत?’ ती नवऱ्याला म्हणाली. ‘तुम्ही निरोप पोचवलात, काम जाणार हे ठाऊक असून पोचवलात, आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत?’

‘तुला आधीच घोर कशाला, म्हणून.’

‘मीही म्हणूनच.’

‘हो,’ खांब म्हणाला. ‘मला वाटलं होतं, तुझ्यावर वेळ आली तर तूही निरोप सांगशील.’

एवढंच. आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर बरं झालं असतं, त्यांच्या भांडणांची मला सवय होती. त्या संध्याकाळी मी कान लावून बसलो. लाज सोडून बसलो. भिंतीतून एक आवाज आला, खुर्चीवरचे कपडे उचलून पलंगावर ठेवल्याचा.

मालिका त्यानंतर फार चालली नाही. मुलाखतीनंतर लोकांना त्या प्रेमाची किळस आली असावी. वरून हुकूम आला, महिन्याभरात गुंडाळा. युनिटमध्ये जो तो दुसरं काम शोधायला लागला. आत्या एकट्या कोपऱ्यात बसून रडल्या, इतकी वर्षं रडायचं काम त्यांना कधी मिळालं नव्हतं. दादांनी आपले शेवटचे शॉट देऊन टाकले आणि ते गाव सोडून गेले. वहिनींनी त्यांचे दिले. टाचणीने त्यांची निळी शाल घडी करून हातात दिली तेव्हा त्या म्हणाल्या, ‘तूच ठेव,’ आणि गाडीत बसल्या. रागाने म्हणाल्या की मायेने, मला ठरवता आलं नाही.

राहिला शेवटचा शॉट. दादा आणि वहिनी म्हातारपणाकडे झुकलेले, एका बाकावर शेजारी शेजारी बसलेत, समोर मावळतं ऊन, कॅमेरा पाठीमागे. चेहरा नकोच होता, त्यामुळे मास्तर खूश होते. बाहेरचा बाक हवा होता आणि जवळ एकच होता, स्टुडिओमागचा. दुसरीकडे जाऊ या, असं मी मास्तरांना सांगून पाहिलं. ऊन जाईल म्हणाले.

टाचणी शाल घेऊन बसली. खांब कोट घालून बसला. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलला नव्हता. भांडलाही नव्हता. जेवायचा, कामावर यायचा, पाठ द्यायचा, जायचा. शॉटमध्येही त्याची पाठ पहिल्यासारखी ऐकत नसे, मास्तरांच्या ते लक्षात आलं होतं पण आता कोणाला पर्वा होती. मला त्या शॉटमध्ये काही काम नव्हतं, तरी मी पावडरचा डबा घेऊन त्यांच्या पुढे, कॅमेऱ्यात येणार नाही असा कडेला जाऊन उभा राहिलो. आख्ख्या युनिटमध्ये त्यांचे चेहरे बघणारा मी एकटा.

‘खांब,’ मागून मास्तर ओरडले, ‘हात तिच्या हातावर. दोघांच्या मध्ये, कॅमेऱ्याला दिसेल असा. प्रेमाने रे!’

तिच्या बाजूला त्याचा उजवाच हात होता. तो त्याने उचलून तिच्या हातावर ठेवला. बोटं सरळ होती, फळीसारखी.

‘अहो,’ टाचणी ओठ न हलवता म्हणाली, ‘काहीतरी बोला ना. आवाज घेत नाहीयेत. शिव्या द्या.’

खांब उन्हाकडे बघत राहिला. तिने दुसरा हात शालीतून काढला आणि त्याची बोटं एकेक करून आपल्या हाताभोवती मिटवली, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, आणि वरून घट्ट दाबून धरली. मागे मास्तर हळूच ‘वा!’ म्हणाले. कॅमेरामनने श्वास रोखलेला मला दिसला. ते दोघं तसेच बसले होते आणि टाचणीच्या गालांवरून पाणी वाहत होतं, जे कॅमेऱ्याला दिसणार नव्हतं आणि जे पुसायचं कामही माझं नव्हतं.

‘कट!’ मास्तर म्हणाले, आणि शेवटचा शॉट म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, एकमेकांना मिठ्या मारल्या, कोणीतरी चहा सांगितला. तो भाग लागला तेव्हा लोक म्हणाले, काही म्हणा, शेवटी खरं प्रेम दिसतंच.

टाचणीने हात काढला. तशी खांबाची बोटं पुन्हा हळूहळू सरळ झाली. तो उठला, डाव्या हाताने कोट काढला, धूळ झटकली. बऱ्याच दिवसांनी तो तिच्याशी पहिल्यांदा बोलला.

‘हा कुठे ठेवू?’

तिच्या ओठांत तेव्हा एकही टाचणी नव्हती, तरी तिला उत्तर देता आलं नाही. त्याने जरा वाट बघितली, मग कोट बाकावर ठेवला आणि तो खोल्यांच्या ओळीकडे चालायला लागला.